म्होरक्या मेला त्या दिवशी

बंडखोरांचा म्होरक्या तुरुंगात मेल्याची बातमी आली तेव्हा एउदोसिया भट्टीतून पाव काढत होती.

"मेला! मेला एकदाचा!" शेजारच्या खाटकाने आरोळी ठोकली आणि गल्लीत फटाके लावले. आयाकुचो शहरातलं असं एक घर नव्हतं ज्यातलं कोणी त्या माणसाने सरकारशी मांडलेल्या युद्धात बळी गेलं नव्हतं. पण एउदोसियाच्या मनात आलं ते भलतंच: आता माझा तेओफिलो कुठे पडलाय ते कोण सांगणार? तिचे डोळे भरले आणि लगेच तिला स्वतःची शरम वाटली. कोणासाठी रडतेयस, मेले?

तेओफिलो तिचा धाकटा भाऊ. विद्यापीठात शिकता शिकता एक दिवस घरी आला, आईने वाढलेलं बटाट्याचं सूप प्यायला आणि म्होरक्याच्या माणसांबरोबर डोंगरात निघून गेला. स्वतःच्या पायांनी. परत काही आला नाही. आईने आळीत सांगितलं, सैनिकांनी उचलून नेला. तेव्हा सैनिक रोज कोणाला ना कोणाला उचलत होते, त्यामुळे कोणी शंका घेतली नाही. आई गेली आणि ती थाप एउदोसियाच्या गळ्यात पडली. बेपत्ता आणि मारल्या गेलेल्यांच्या नातेवाइकांच्या संघटनेत तीही भावाचा फोटो छातीशी धरून बसू लागली.

तिथेच तिला अलेहांद्रिना भेटली. तिच्या वडिलांना, गावच्या सरपंचाला, म्होरक्याच्या माणसांनी साऱ्या गावासमोर मारलं होतं. पुढे अलेहांद्रिनाच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला एउदोसिया धर्ममाता झाली. तेव्हापासून दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणत. सख्ख्या बहिणींहून जवळचं नातं.

दुपारी संघटनेच्या खोलीत बायका जमल्या.

"बिछान्यात मेला हो! आपल्यातलं कोण मेलं बिछान्यात?"

"राख समुद्रात फेका. थडगं नको त्याचं."

"असं बोलू नये," एक म्हातारी पुटपुटली. "प्रेत बायकोला द्यावं. आपल्याला नाही मिळालं, म्हणून तिलाही नको?"

"वा! मग तूच जा की खांदा द्यायला!"

तेवढ्यात टीव्हीवाली मुलगी माइक घेऊन आली. अलेहांद्रिनाने एउदोसियाला पुढे ढकललं. "ही बोलेल. हिचा भाऊ गेलाय. बोल, कोमाद्रे, सांग त्या राक्षसाला काय म्हणायचंय ते."

"मला बरं वाटत नाहीये," एवढं बोलून एउदोसिया बाहेर पडली. अलेहांद्रिना मागोमाग आली.

"काय झालं गं? चक्कर येतेय?"

"कोमाद्रे, तेओफिलोला सैनिकांनी नाही नेला. तो त्यांच्यातला होता. आपणहून गेला."

अलेहांद्रिना भिंतीला टेकली. तिने विचारलं, "कधी?"

"तुझे बाबा गेले त्याच्या आदल्या वर्षी."

"आमच्या गावात आला होता तो?"

"ठाऊक नाही गं. आईशपथ, ठाऊक नाही."

"आणि इतकी वर्षं माझ्या शेजारी बसून मेणबत्ती लावलीस."

ती निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून पाव दुसरीकडून न्यायला लागली. एउदोसियाने संघटनेत जाणं सोडलं. आता साऱ्या शहरात आपली बदनामी होणार, म्हणून ती वाट बघत राहिली. पण कोणी काही बोललं नाही, कोणी भट्टीवर थुंकलं नाही. अलेहांद्रिनाने कोणाला सांगितलंच नव्हतं. ते एउदोसियाला शिव्यांपेक्षा जड गेलं.

नोव्हेंबरात मृतांचा सण आला. गेलेल्या पुरुषांसाठी पावाचा घोडा करतात, तो घ्यायला सगळी आळी भट्टीवर लोटली. गर्दी ओसरल्यावर अलेहांद्रिना आली.

"बाबांसाठी एक घोडा दे."

"राग गेला?"

"नाही गेला. पण दुसरीकडचे घोडे कच्चे राहतात." ती थोडी घुटमळली. "त्याच्यासाठी केलास?"

"कधीच नाही. हिंमत नाही झाली."

"कर मग. माझ्यासमोर नको."

घोडा टोपलीत घालून ती गेली. एउदोसियाने पीठ मळलं, भावासाठी पहिल्यांदाच घोडा भाजला आणि आईच्या फोटोसमोर मांडला. त्याच्या बाजूला एक मेणबत्ती लावली. मग थोडा विचार करून दुसरी लावली, अलेहांद्रिनाच्या वडिलांसाठी. ती लावायचा आपल्याला हक्क आहे का, हे काही तिला ठरवता येईना. विझवायलाही हात धजेना.