जयवंती कासारीण आणि कमळीबायचं मनगट

जयवंती कासारणीच्या हातात हात देताना जरा विचार करा. एकदा दिलात की तुमचं माप तिच्या डोक्यात कायमचं जाऊन बसतं. माझं लग्नातलं माप ती अजून चारचौघांत सांगते. "सव्वादोन होतीस गं! आता अडीचलासुद्धा साबण लागतो." मी चिडते, ती हसते. माझ्या चिडण्याला न घाबरणारी पालघर तालुक्यातली ती एकटीच बाई.

वय छप्पन्न. नवरा विश्राम पालघरच्या बाजारात बांगड्यांचं दुकान चालवतो, पण जयवंतीला एका जागी बसवत नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ती स्कूटी शिकली. शिकताना दोनदा पडली, सहा डझन काच फुटली, हिला खरचटलंसुद्धा नाही. मुरब्यापासून दातिवऱ्यापर्यंतचे कोळीवाडे, बोईसरच्या कारखान्यांमागच्या चाळी, सगळीकडे पुढे-मागे खोके बांधून ती जाते. चाळीत हिंदी बोलते. "भाभी, मुठ्ठी ढीली छोडो, मैं चूडी पहनाती है, हाथ नहीं तोडती!" त्या हिंदीला बायका पोट धरून हसतात, आणि हसताना मूठ आपोआप सैल सुटते. तेच तर तिला हवं असतं.

बोईसरजवळ एक वृद्धाश्रम आहे. नाव लिहीत नाही, प्रकरण कोर्टात आहे आणि वकिलाने माझ्या तोंडाला कुलूप घातलंय. तिथल्या म्हाताऱ्यांना एक महिला मंडळ सणासुदीला बांगड्या भरायचं. गेल्या संक्रांतीला त्यांनी जयवंतीला बोलावलं. ती चटई पसरतेय तोवर अध्यक्षीणबाई तिच्या कानाशी आल्या. "अहो, यातल्या बऱ्याचजणी विधवा आहेत. त्यांना नको."

"मग मला बोलावलंत कशाला?" जयवंती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "मी हाताचं माप घेते. नवऱ्याचं नाही."

त्या दिवशी एकवीसच्या एकवीस बायकांनी बांगड्या भरल्या.

त्यांत एक होती मुरब्याची कमळीबाय. अठ्ठ्याहत्तर वर्षांची. जन्मभर डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकलेली. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, भाचा विनोद आठ-आठ दिवस बोटीवर, म्हणून त्याने इथे आणून ठेवलेली. तिचा हात अडीचचा. बांगडीच्या मापात सव्वादोन म्हणजे कोवळ्या नवरीचा हात, आणि अडीच म्हणजे ओझी उचललेला, रुंद.

"डझन कितीला दिल्यास?" कमळीबायने विचारलं.

"फुकट हाय, बाय."

"फुकट हाय? मंग दोन डझन भर."

जयवंतीला ही म्हातारी तिथल्या तिथे आवडली.

चैत्रात ती परत गेली, तर अडीचची बांगडी कमळीबायच्या हातातून सुळकन कोपरापर्यंत गेली. दोन-सहाची भरावी लागली, म्हणजे अडीच आणि सव्वादोनच्या मधली. "बारीक झालीस गं बाय, कुणाच्या प्रेमात पडलीस?" जयवंतीने चिडवलं. कमळीबाय हसली, पण जरा उशिराच. जयवंतीने ते लक्षात ठेवलं.

श्रावणात मॅनेजर आधीच म्हणाला, "कमळीबाईंना नको. त्या बांगड्या फोडतात."

"फोडू दे की. म्हाताऱ्या बांगड्या फोडणार नसतील तर मी खाऊ काय?"

नाइलाजाने तिला आणलं. मागे एक आया उभी राहिली, पोलिसासारखी.

"आण बाय हात," जयवंती म्हणाली.

कमळीबायने दोन्ही हात पुढे केले. मनगटाला मनगट लावून.

हे मी जयवंतीच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला त्यातलं काहीच कळलं नव्हतं. तिने समजावलं. "पस्तीस वर्षं बांगड्या भरतेय मी. बाई एक हात देते. दुसऱ्याने पदर धरते, नाहीतर माझा खांदा, आणि तोंड बोंबलायला मोकळं ठेवते. दोन्ही हात जोडून कुणी देत नाही. ज्याचे हात रोज कुणीतरी बांधतं, त्यालाच ती सवय लागते."

बांगडी बसते त्याच्या जरा वर, दोन्ही मनगटांवर सारख्याच उंचीवर, चपटा तांबूस पट्टा होता. "हे कशाने गं?" जयवंतीने हळूच विचारलं. कमळीबायने मागे उभ्या असलेल्या आयाकडे पाहिलं. "पडले मी."

जयवंतीने हात चेपून पाहिला: सव्वादोन. मग मोठ्याने म्हणाली, "तुझ्या मापाच्या संपल्या बघ, बाय. घेऊन येते परत." खोक्यात त्या मापाच्या ढिगाने होत्या. तिला परत यायला कारण हवं होतं.

तिथून ती थेट माझ्याकडे आली. ऐकता ऐकता मी चपला घातल्या. "चल, आत्ताच्या आत्ता! आमच्या संघटनेच्या चाळीस बायका गोळा करते, गेट उपटून टाकते!"

"आधी चहा टाक," जयवंती म्हणाली. "गेट तू उपटशील, मला माहितीय. मग तू तुझ्या घरी जाशील, मी माझ्या. कमळीबाय कुठे राहील? आतच ना, त्यांच्याच हातात?"

मी चपला काढल्या. तिचं बरोबर होतं याचा मला अजूनही राग येतो.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला ती आश्रमासमोरच्या रस्त्यावर टायर पंक्चर झाल्याचं नाटक करून बसली. सातपाटीची एक मासळीवाली हाळी देत आली. जयवंतीने तिला थांबवलं, बोंबील घेतले, आणि सहज आश्रमाचा विषय काढला. मासळीवाली भडकूनच बोलली. "हितं एक म्हातारी हाय ना, रोज गेटावर यायची. कालचा हाय, बरफाचा हाय, असं वराडून माजं गिऱ्हाईक पळवायची. दोन म्हैने दिसत नाय. मेली का काय?"

बोंबील घेऊन जयवंती मुरब्याला गेली. विनोदची बोट किनाऱ्याला लागली होती, तो जाळं सांधत होता. मनगटांचं ऐकून तो गडबडला, पण मान हलवत राहिला. "आत्याला भ्रम झालाय, काकी. मॅनेजर बोलला, अकरा वाजले का गेटावर धावते, आरडाओरडा करते. रस्त्यावर जायला नको म्हणून कधीमधी बांधतात. तिच्याच सेफ्टीसाठी. मी सही केलीय."

"अकरा वाजता त्या रस्त्याने कोण जातं, ठाऊक आहे तुला?"

"नाय."

"मासळीवाली जाते. तुझी आत्या गेटावर जाऊन ओरडते, की मासळी कालची आहे." जयवंतीने पिशवी त्याच्या पुढ्यात उपडी केली. "बघ. कालची आहे की आजची?"

विनोदने एक बोंबील दाबून पाहिला. "कालचा हाय." आणि हसायलाच लागला. हसता हसता त्याने जाळ्यात तोंड लपवलं, आणि बराच वेळ वर काढलं नाही. मग म्हणाला, "सही कुठं करायची, सांगा."

ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवर त्याने स्वतः फोन लावला, मग आम्ही लेखी अर्ज दिला. तो अर्ज ज्यांच्याकडे आला त्या दिशा मॅडम, समाजकल्याण खात्यातल्या तरुण अधिकारी. वाचून म्हणाल्या, "खुणा पडल्यानेही होऊ शकतात. आणि त्या बारीक झाल्या हे तुम्ही कशावरून म्हणता? वजन केलंत?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात जयवंतीने टेबलावरचा मॅडमचा हात उचलला, अंगठ्याच्या सांध्यावर दाबला आणि म्हणाली, "दोन-सहा. डावा जरा मोठा, म्हणजे डावखुऱ्या आहात. ही पाटली तुमच्या मापाची नाही, काढताना रोज रडता. सासूबाईंची ना?"

"आईची," मॅडम म्हणाल्या.

"तेवढं चुकलं. पण कमळीबायचं नाही चुकत. संक्रांतीला अडीच, श्रावणात सव्वादोन. पोटभर जेवणाऱ्या बाईचा हात सात महिन्यांत असा आटत नाही, मॅडम."

मॅडमनी हात सोडवून घेतला, आणि पेन उचललं. डाव्या हाताने.

आश्रमाला कुणी काही कळवलं नाही. जयवंतीने फक्त फोन केला, राहिलेल्या बांगड्या घेऊन येते म्हणून. गुरुवारी तिने हॉलमध्ये चटई पसरली, सगळ्या म्हाताऱ्यांना ओळीने बसवलं, हात उघडे ठेवायला लावले. आणि मग दारातून आम्ही शिरलो: मॅडम, एक डॉक्टरीण, एक महिला पोलीस, विनोद आणि मी.

"कमळीबाय कुठे आहेत?" मॅडमनी विचारलं.

"झोपल्यात," मॅनेजर म्हणाला. "औषधाची गुंगी आहे. उठवू नका."

तेवढ्यात बाहेरून हाळी आली. अकरा वाजले होते. आणि आतल्या बंद खोलीतून खणखणीत आवाज आला, "घेऊ नका गो, बरफाचा हाय त्यो!"

अख्खा हॉल हसला. एकवीसपैकी वीस म्हाताऱ्या, बोळकी उघडून. मॅडमही हसल्या. "झोपेत भाव बरा कळतो यांना," म्हणाल्या आणि दार ढकललं.

मग कुणी हसलं नाही. जुन्या ओढणीने दोन्ही हात खाटेच्या दांडीला बांधलेले होते. मॅडमनी आधी फोटो काढला, मग गाठ सोडली. डॉक्टरणीला बाकीच्यांना शोधायची गरजच पडली नाही. मनगटं चटईवर ओळीने मांडलेली होती. आणखी तिघींच्या हातांवर तेच पट्टे निघाले. मॅनेजरला बाजूला नेल्यावर ती आया रडतच बोलली. रात्री कपडे ओले होऊ नयेत म्हणून चार वाजल्यानंतर पाणी बंद, रात्रीचं जेवण दोन घास. एकवीस म्हाताऱ्या आणि बदलायला एक बाई. पाणी मागूनही मिळालं नाही की काय वाटतं ते मी त्या मॅनेजरला दाखवणार होते, पण महिला पोलिसाने माझा दंड धरून ठेवला होता. जयवंतीनेच तिला तसं सांगून ठेवलं होतं, हे मागाहून कळलं.

मॅडम खाटेवर कमळीबायच्या शेजारी बसल्या. "बाय, तुम्हाला काय पाहिजे?"

"आधी पाणी." तिने तांब्या संपवला. "आता माज्या घरी जायचंय. ह्या इनोदच्या नाय. माज्या."

"आत्या, तिथं तुला बघणार कोण? मी बोटीवर असतो," विनोद म्हणाला.

खरी अडचण तीच होती. गाठ सोडायला क्षण लागतो. पण पुढचं रोजचं कुणी करायचं? कमळीबाय चार दिवस हॉस्पिटलात होती, तेवढ्यात जयवंतीने मुरब्याची ती गल्ली पालथी घातली. दारोदार बसली, हातात हात घेतले, बांगड्या भरता भरता विचारत गेली. कुणी सकाळचा चहा अंगावर घेतला, कुणी अंघोळ, कुणी रात्रीची सोबत. विनोदने घर शाकारलं, बाथरूमला दांडी बसवली. इकडे मॅनेजरवर गुन्हा दाखल झाला. आश्रमात आता मॅनेजर म्हणून एक बाई आली आहे आणि आयांची संख्या तीन झाली आहे. दर शनिवारी आमच्यातलं कुणीतरी न सांगता तिथे जेवायला बसतं.

सुट्टी मिळाली त्या सकाळी हॉस्पिटलसमोर मुरब्याचा टेम्पो उभा राहिला. त्यात चौदा बायका. पुढच्या सीटवर कमळीबाय, मागून जयवंतीची स्कूटी. वाटेत कमळीबायने आश्रमाच्या गेटापाशी टेम्पो थांबवला आणि आपल्या दोन मैत्रिणींना जेवायला सोबत घेतलं. नव्या बाईने वहीत लिहून, संध्याकाळी आणून सोडण्याच्या बोलीवर, हसत हसत सोडलं.

मुरब्याला दुपारी भाकरी, कोळंबीचं कालवण, भात. कमळीबाय दोनदा वाढून घेऊन जेवली. जयवंती समोर बसून प्रत्येक घास बघत होती, आणि उगाचच पदराने डोळे पुसत होती. पानं उचलल्यावर वाटणीचं भांडण पेटलं.

"सोमवार माजा ठरलाय!" शेजारची मोनाली म्हणाली.

"तुजा मंगळवार. सोमवारी मी पेज करते तिची."

"तुज्या पेजेत मीठ नसतं!"

"तुजी पेज का वाटी उपडी केली तरी पडत नाय!"

कमळीबायने भिंतीशी गोधडी ओढली, कुशीवर वळली, दोन्ही पाय हवे तसे पसरले. "भांडा गो, भांडा," ती डोळे मिटून म्हणाली. "मी निजते. च्याला उठवा."