बांधावरचे अहो

आई गेल्यापासून बाबा खडवलीच्या घरी एकटेच राहतात. ठाण्याला, वर्तकनगरला आमच्याकडे या म्हटलं की विषय बदलतात. मध्यंतरी ते पाय घसरून पडले, ते मला शेजाऱ्यांनी फोनवर सांगितलं. बाबांनी अवाक्षर काढलं नाही. माझा जीव टांगणीला आणि हे आपले मजेत. म्हणून यंदा दिवाळी झाल्यावर मी ठरवूनच गेले, या खेपेला त्यांना घेऊनच यायचं.

स्टेशन तसं लांब नाही, पण रस्त्याने मोठा वळसा पडतो. त्यामुळे सगळा गाव शेतांमधल्या पायवाटेने ये-जा करतो. वाट बांधावरून जाते. समोरून म्हशी आल्या तर माणसाने शेतात उतरायचं, म्हशी उतरत नाहीत. वाटेत भाजीचा मळा लागतो. तिथल्या खोपटात एक नवरा-बायको राखणीला असतात आणि त्यांचा काळा कुत्रा बांधावर आडवा पसरलेला असतो.

बाबांना कुत्र्यांची पहिल्यापासून भीती. आणि घाबरले की त्यांची भाषा फार सभ्य होते. पोलिसाशी बोलावं तसे ते या कुत्र्याशी बोलायला लागले. "अहो, जरा जाऊ द्या." दूध आणायला जाताना-येताना रोज हेच, वर एक बिस्किट. कुत्र्याला वाटलं, हेच आपलं नाव. पंचाईत अशी की मळेवाली नवऱ्याला हाक मारते तीही हीच. ती "आवो" म्हणते, पण कुत्र्याला एवढा फरक कुठला कळायला? नवऱ्याला बोलावलं की आधी कुत्रा हजर. हे तिनेच मला हसत हसत सांगितलं. तुमच्या बाबांमुळे माझे आता दोन दोन अहो झाले, म्हणाली.

त्या दुपारी आम्ही दोघं स्टेशनकडून घरी निघालो होतो. बाबा पुढे, मी मागे. मी माझं पालुपद लावलेलं: लिफ्ट आहे, दवाखाना खालीच आहे, नातवंडं वाट बघतात. बाबा नुसतं हं हं करत होते. खोपट मागे पडलं आणि तेवढ्यात मळेवालीची हाक आली, "आवो, जेवाला चला."

कुत्रा उठला. लांब पाटाशी वाकलेल्या तिच्या नवऱ्याने हात वर केला. आणि माझ्या पुढे चालणारे बाबा झटकन थांबले, वळले आणि म्हणाले, "आलो."

मग त्यांच्या लक्षात आलं. चष्मा काढून पुसत उभे राहिले. मला रडूच आलं.

"तुझ्याकडे मला सगळे आजोबा म्हणतात गं," ते म्हणाले. "गोड वाटतं. पण इथे ही हाक कानावर पडते. ती मला नसते, ते कळतं मला."

मी पुन्हा विषय काढला नाही. संध्याकाळी एकटीच ठाण्याला परत आले.