लुसिल दुफूरची नोंदवही

लुसिल दुफूर आमच्या शाळेच्या स्वयंपाकघरात एकोणीस वर्षं होती. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या उत्तर टोकाला, बटाट्याच्या मुलखातलं आमचं गाव, वस्ती हजाराच्या आत. केसांवर जाळी घालून पोरांच्या ताटात घेवडा आणि बटाटा वाढणारी बाई, एवढीच तिची ओळख. बेचाळिसाव्या वर्षी तिनं कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. हसणाऱ्यांत मीही होते. सत्तावीस वर्षं मी बालवर्ग शिकवत आले होते. शिक्षिका कोण होऊ शकतं आणि कोण नाही, हे मला बघताक्षणी कळतं अशी माझी समजूत होती.

"काय गं लुसिल, आता पोरांना सूप ढवळायला शिकवणार का?" कुणीतरी विचारलं.

"कुठलं पोर उपाशी येतं ते मला तुमच्याआधी कळतं," ती म्हणाली. "तेवढंच भांडवल घेऊन चाललेय."

दोन वर्षांची असोसिएट डिग्री. ती मिळाली की मदतनीस शिक्षिका होता येतं, आणि पुढची दोन वर्षं मोठ्या कॉलेजात काढली की पुरती शिक्षिका. कॉलेज चाळीस मैलांवर. दुपारी भांडी आवरून ती निघायची. तिचा नवरा लॉरिए बटाट्याच्या गोदामात कामाला होता. थंडीत तो जेवणाच्या सुट्टीत येऊन तिची गाडी तापवून ठेवायचा. बीजगणितात ती पहिल्या खेपेला नापास झाली. बटाटा काढायला शाळा तीन आठवडे बंद असते. तेव्हा ती काढणीयंत्रावर उभी राहून दगड-ढेकळं वेचायची आणि हातमोज्यात खोचलेल्या चिठ्ठ्या वाचत पाठ करायची. दुसऱ्या खेपेला पास झाली.

दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात स्वयंपाकघराचं काम सांभाळून ती माझ्या वर्गात सरावाला आली. कॉलेजनं काम दिलं होतं: एक मूल निवडा, सहा आठवडे त्याच्याकडे बघा, जे दिसेल तेवढंच वहीत लिहा. काय वाटलं ते लिहायचं नाही. दर शुक्रवारी वर्गशिक्षिकेची सही.

तिनं ब्रिएलला निवडलं. पाच वर्षांची, अंगानं किरकोळ, फार न बोलणारी. लुसिलच्या थोरल्या बहिणीची, रोझॅनची नात.

"नात्यातलं मूल नको घेऊस," मी म्हटलं.

"मग तुझ्या वर्गात उरतं कोण, मार्था?"

खरंच होतं ते. पहिले तीन शुक्रवार मी न वाचता सह्या ठोकल्या.

चौथ्या शुक्रवारी मुलं बर्फात खेळायला बाहेर गेली होती. लुसिलनं वही पुढे केली, पण पेन दिलं नाही.

"आधी वाच."

तिचं अक्षर शाळकरी पोरासारखं, टपोरं. मी वाचलं.

सोमवार. गोष्ट ऐकायला सगळी मुलं बसली. ब्रिएल उभी. बावीस मिनिटं.

सोमवार. कोट काढत नाही. वर्गात उकडतंय.

मंगळवार. चमचा डाव्या हातात. गेल्या शुक्रवारी उजव्या हातात होता.

गुरुवार. मी फळा पुसायला हात वर केला. तिनं डोकं झाकलं.

अशी नऊ पानं. मला त्यातलं काहीच नवीन नव्हतं, हे मला आज सांगायचंय. नोव्हेंबरात मी तिच्या कानाखाली पिवळा पडलेला डाग पाहिला होता. विचारलं, तर ती म्हणाली, "पडले." तिचा बाप ट्रॅव्हिस तिला रोज सोडायला यायचा, टोपी काढून बोलायचा, शाळेच्या आवारातला बर्फ फुकट उपसून द्यायचा. पडली असेल, असं मी म्हटलं आणि विषय मनाआड केला.

"लुसिल, तो तुझ्या बहिणीचा मुलगा आहे."

"कोण आहे ते मला सांगू नकोस. त्याच्या बाप्तिस्म्याला त्याला हातावर मीच घेतलं होतं."

"मग आधी रोझॅनशी बोल. घरातल्या घरात मिटेल."

"घरातल्या घरातच तर चाललंय ते."

आम्ही मिस्टर टार्डिफांकडे, म्हणजे आमच्या प्रिन्सिपलकडे गेलो. त्यांनी वही चाळली, चष्मा काढला, डोळे चोळले. "सोमवारी शांतपणे बसून बोलू," म्हणाले. "शिकाऊ माणसानं अशी घाई करू नये, मिसेस दुफूर."

"सोमवारच्या आत शनिवार-रविवार येतात, साहेब. आणि मुलाला मार बसतोय असा संशय आला की शाळेतल्या माणसानं स्वतः कळवायचं, असा कायदा आहे. त्यात तुमची परवानगी घ्या असं लिहिलेलं नाही. मी परीक्षेत लिहिलंय ते, पूर्ण मार्क मिळालेत."

ती कचेरीतल्या फोनपाशी गेली. मुलांची तक्रार घेणाऱ्या सरकारी खात्याचा नंबर तिला पाठ होता. फोन लागायच्या आधी ती माझ्याकडे वळली.

"तू पण बोल ना दोन शब्द. इतकी वर्षं शिकवणाऱ्या बाईचं ऐकतील ते."

"माझ्याकडे लिहिलेलं काहीच नाही गं," मी म्हटलं.

तीनला बस सुटायच्या आत खात्याची बाई आली, सोबत शेरीफच्या कचेरीतला पोलीस. डॉक्टरांनी ब्रिएलच्या हाताचा आणि छातीचा एक्स-रे काढला. मनगटाला चीर होती. शिवाय बरगड्यांवर जुन्या, जुळून आलेल्या दोन चिरा. तिला दक्षिणेला, चार तासांच्या अंतरावर कुठल्याशा घरी नेऊन ठेवलं. कुठे, ते कुणाला सांगितलं नाही.

तक्रार करणाऱ्याचं नाव गुप्त राहतं म्हणतात. आमच्या गावात ते शनिवार दुपारपर्यंत राहिलं.

सोमवारी जेवणाच्या वेळी रोझॅन थेट स्वयंपाकघरात आली. ताटं घेऊन पोरांची रांग लागलेली, आणि मी रांगेच्या तोंडाशी.

"कुठाय माझी नात?"

"मला नाही सांगत ते, रोझॅन."

"तुझ्या परीक्षेपायी माझं घर उघड्यावर आणलंस. किती मार्क दिले गं त्याचे?"

"तिचं मनगट मोडलं होतं."

"पोरं पडतात!" रोझॅन ओरडली. मग तिला मी दिसले. तिचा आवाज एकदम उतरला. "मार्था, तू तिची बाई आहेस. दिवसभर तुझ्यासमोर असते ती. तुला कधी काही दिसलं का? देवाशप्पथ सांग."

सगळं स्वयंपाकघर माझ्याकडे बघत होतं. लुसिलही.

"नाही," मी म्हटलं. "मला काही दिसलं नाही."

रोझॅननं मान हलवली, जणू एवढंच ऐकायला ती आली होती, आणि निघून गेली. लुसिलनं पळी उचलली आणि पुढच्या पोराच्या ताटात घेवडा वाढला.

त्यानंतर चर्चमध्ये ती ज्या बाकावर बसे, तो बाक रिकामा होऊ लागला. लॉरिएला शिकारीला कुणी बोलावेना. मे महिन्यात कॉलेजच्या व्यायामशाळेत तिला डिग्री मिळाली. तिच्या माहेरचं कुणीही आलं नाही. मी मागच्या रांगेत बसले होते. तिचं नाव पुकारलं, टाळ्या पडल्या, मी तिला न भेटताच घरी आले. आमच्या शाळेत मदतनीसांच्या दोन जागा होत्या. टार्डिफ तिला म्हणाले, यंदा जागा नाहीत. सप्टेंबरात नुकत्याच कॉलेज संपवलेल्या दोन मुली तिथे लागल्या. मुलाखत घेणाऱ्यांत मी होते. मी तोंड उघडलं नाही.

चौदा महिन्यांनी कोर्टानं ब्रिएल बापाला परत दिली. कोर्टानं सांगितलेले पालकांसाठीचे सगळे वर्ग त्यानं पुरे केले होते, सगळ्या कागदांवर शिक्के होते. आठवड्याभरात तो तिला घेऊन राज्य सोडून गेला. कुठे गेला हे रोझॅनलाही ठाऊक नव्हतं. तो आईलाही फोन करत नसे. रोझॅन दोन वर्षांपूर्वी वारली. लुसिलशी शेवटपर्यंत बोलली नाही.

लुसिलला तासाभरावरच्या एका गावी काम मिळालं. चार वर्षं मदतनीस, त्यातच पुढची डिग्री, आणि आता पहिलीचा वर्ग तिचा आहे. चांगली शिकवते असं ऐकते.

मी निवृत्त झाल्यावर गेल्या हिवाळ्यात ती मला दुकानात भेटली, पिठाच्या फळीपाशी. केस पार पांढरे झालेत तिचे. काहीतरी बोलावं म्हणून हवापाण्याचं बोलले, आणि मग इतक्या वर्षांचं ते तोंडातून निघून गेलं.

"मी त्या दिवशी खोटं बोलले, लुसिल."

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "तुझ्यासमोरच उभी होते ना मी."

मला वाटलं, ती चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं. तिनं पिठाची पिशवी सामानाच्या ढकलगाडीत ठेवली.

"या मार्चमध्ये ती बारा वर्षांची होईल," ती म्हणाली. "माझ्याबद्दल काय सांगितलं असेल तिला, कोण जाणे."

मग लॉरिए बाहेर वाट बघतोय म्हणाली आणि गाडी ढकलत पैसे द्यायच्या रांगेकडे गेली.