बंद न होणारं कनेक्शन

हे लिहावं की नाही, यातच बरेच दिवस गेले. एक तर माझं लिहिण्यातलं मराठी कच्चं आहे. घरात बोलतो, पण शाळा इंग्लिश मीडियम, आणि देवनागरी मी कॉलेजात असताना मोबाईलवर शिकले. चुका सांभाळून घ्या. दुसरं म्हणजे, या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी करमणूक म्हणून वाचायचे. वाचून झालं की मनातल्या मनात कारणं लावायचे... वायरिंग असेल, झोप झाली नसेल, कुणीतरी चेष्टा केली असेल. माझं कामच तसं आहे. प्रोग्राम बिघडला तर त्याला कारण असतंच, ते सापडेपर्यंत शोधायचं. या एका प्रसंगाचं मात्र मला सापडलेलं नाही.

आम्ही तंजावूरचे. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत, एका झेरॉक्सच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर भाड्याने राहतो. आता घरात आई आणि मी, दोघीच. अप्पा पापनाशमच्या एका राईस मिलमध्ये ऑफिसचं काम बघायचे आणि रोज सकाळी बसने जायचे.

आमच्याकडे घरातून निघताना कुणी ‘जातो’ म्हणत नाही. ‘जाऊन येतो’ म्हणायचं, आणि आतून कुणीतरी ‘बरं, या’ म्हटल्यावरच बाहेर पडायचं. शेजारच्या तमिळ घरांतही हेच चालतं, पण अप्पांचं जरा जास्तच होतं. उत्तर आलं नाही तर ते एक चप्पल पायात, एक पाय उघडा, असे दारातच उभे राहायचे. पुन्हा हाकही मारायचे नाहीत. त्यापायी त्यांची बस चुकायची. आई चिडवायची, "मी ‘या’ म्हटलं नाही तर मिल बंद पडणार आहे का?" ते शांतपणे म्हणायचे, "मिलचं काय, मिल चालेल. मला निघवत नाही."

अप्पा गेले त्या सकाळी आई मिक्सीत खोबरं वाटत होती. मी तिरुचीला हॉस्टेलवर होते. मिक्सी बंद करून ती बाहेर आली तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. दुपारी मिलमधून फोन आला. जेवायला बसताना त्यांनी टेबलावर डोकं टेकवलं होतं, ते पुन्हा उचललंच नाही.

डॉक्टरांनी काय सांगितलं ते आईने नीट ऐकलं नाही. तिच्या डोक्यात एकच होतं. त्यांनी ‘जाऊन येतो’ म्हटलं होतं का? म्हटलं असेल तर किती वेळ उभे होते? सगळ्यांनी तिला समजावलं, मीही समजावलं. ती वाद घालत नाही. पण त्या दिवसापासून तिने मिक्सीवर टॉवेल टाकला आणि डब्यांच्या, पोळ्यांच्या ऑर्डर घेणं बंद केलं. घरापुरती चटणी पाट्यावर. आणि कान कायम दाराकडे... भाजी चिरतानाही.

कोर्स संपवून मी घरी आले आणि घरूनच छोटी-मोठी कामं करू लागले. आईचं हे असं चालूच होतं. शेवटी आत्या फोनवर तिला म्हणाली की तुझ्या डांगर पचडीसाठी, त्या दह्यात कालवलेल्या उडदाच्या पिठासाठी, लोक माझ्याकडे विचारतात, मी काय तुझी सेक्रेटरी आहे? आई हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मग मला म्हणाली, "ऑर्डर तू घे. मला फोनवर बोलायला लावू नकोस. मग बघू."

त्या ‘मग बघू’वर मी लगेच कामाला लागले. लोकांनी मोबाईलवरून ऑर्डर द्यायची, ती माझ्या लॅपटॉपवरच्या सर्व्हरकडे, म्हणजे मी नोडमध्ये लिहिलेल्या प्रोग्रामकडे येणार, आणि सर्व्हर ती क्लाउडवरच्या डेटाबेसमध्ये ठेवणार. एवढं चाललं की आई पुन्हा स्वयंपाकाला उभी राहील, असं मी धरून चालले होते. तिला बसवून ठेवणाऱ्या त्या दारापासून सोडवण्याचा दुसरा मार्ग मला दिसत नव्हता.

पहिल्या दिवशी कनेक्शन लागेना. आधी पासवर्डमधल्या एका चिन्हामुळे डेटाबेसचा पत्ता मोडत होता. मग कळलं की डेटाबेस फक्त ठरवून दिलेल्या पत्त्यांनाच आत घेतो आणि आमच्या घरच्या इंटरनेटचा पत्ता मी त्यात घातलेलाच नाही. तो घातला आणि स्क्रीनवर ‘कनेक्टेड’ आलं. खोटी ऑर्डर टाकून पाहिली. कनेक्शन उघडलं, ऑर्डर लिहिली गेली, कनेक्शन बंद झालं. सगळं व्यवस्थित.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व्हर चालू करण्याआधीच डेटाबेसच्या डॅशबोर्डवर, म्हणजे कोण जोडलेलं आहे ते दाखवणाऱ्या पानावर, एक कनेक्शन उघडं दिसलं. आमच्याच घरच्या पत्त्यावरून. मला वाटलं माझीच चूक, काल काहीतरी बंद करायचं राहिलं. कोड तपासला, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला. ते तिथेच. त्याच्या पुढच्या सकाळी दोन. मग तीन. दिवसभर आकडा हलायचा नाही, सकाळी मात्र एकाने वाढायचा. पासवर्ड बदलला. घरचा पत्ता यादीतून काढून टाकला. तरी वाढला, म्हणून पत्ता परत घातला. आमचा प्लॅन फुकटातला, त्यात मोजकीच कनेक्शन मिळतात. शेवटी माझ्या स्वतःच्या सर्व्हरला जागा उरली नाही. ऑर्डर टाकली की नकार.

आई रोज विचारायची, झालं का? मी म्हणायचे, होतंय. तिचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा होत चालला होता.

मी स्क्रीनशॉट काढून निवेताला पाठवला. ती माझी कॉलेजची मैत्रीण, चेन्नईला नोकरी करते आणि या बाबतीत माझ्यापेक्षा हुशार आहे. आधी तिने फोनवर तमिळमध्ये माझी भरपूर थट्टा केली — "काय डी, शेजारी तुझं वायफाय खातायत आणि तू देवाला दोष देतेस?" मग लॅपटॉपवर एक कमांड चालवायला सांगितली. कोणकोणती कनेक्शन कुठल्या अवस्थेत आहेत ते त्यात दिसतं, एका कनेक्शनची एक ओळ. आमच्याकडे सगळ्या ओळींपुढे एकच अवस्था होती. आणि ही कनेक्शन कुठल्या प्रोग्रामची, तो रकाना रिकामा. निवेताने ते मला दोनदा वाचायला लावलं.

"असं नसतं," ती म्हणाली. "प्रोग्राम नसेल तर ओळच नसायला हवी."

या अवस्थेचा अर्थ काय, हे मला पुस्तकातलं माहीत होतं, तरी मी तिला विचारलं. ती इंग्लिशमध्ये म्हणाली, आणि ते शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीत: "समोरच्याने सांगून झालंय की मी निघतो. तुमच्या बाजूने अजून उत्तर दिलेलं नाही. म्हणून ते उभं आहे."

तेव्हाही मला काही सुचलं नाही, हे खरं सांगते. मी बग शोधत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम लवकर टेबलाशी बसले. सर्व्हर बंद. त्या कमांडच्या ओळी समोर. आई आत पाट्यावर वाटत होती. खाली झेरॉक्सवाल्याने शटर वर केलं. अप्पांची निघायची वेळ साधारण तीच असायची... आणि माझ्या डोळ्यांसमोर आणखी एक ओळ आली. मी कशालाही हात लावलेला नव्हता.

मी काहीतरी आवाज केला असणार, कारण आई वाटता वाटता थांबली. काय झालं म्हणून विचारू लागली. मी आईशी कामाबद्दल कधी बोलत नाही, कशाहीबद्दल फारसं बोलत नाही. पण त्या वेळी जे डोक्यात होतं तेच तोंडातून बाहेर पडलं. म्हटलं, रोज सकाळी कुणीतरी ‘निघतो’ म्हणून सांगतंय आणि आपल्याकडून उत्तर जात नाही. म्हणून सगळी उभी आहेत.

बोलून झाल्यावर मला कळलं मी काय बोलले.

आईने हात पुसले. घाई केली नाही. दाराशी गेली, कडी काढली आणि दार पूर्ण उघडलं. जिना रिकामा होता. खालून मशीनचा आवाज आणि कागद तापल्याचा वास येत होता. ती उभी राहिली, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मला वाटलं रडेल. रडली नाही. हातात काम असताना आतून ओरडून सांगायची ना, अगदी तशा आवाजात, थोडीशी वैतागल्यासारखी म्हणाली,

"बरं, या."

दार लोटून ती आत गेली. मी कमांड पुन्हा चालवली. एकही ओळ नव्हती. डॅशबोर्डवर शून्य. सर्व्हर सुरू केला, खोटी ऑर्डर टाकली, ती पहिल्या झटक्यात गेली.

मी नंतर खूप शोधलं. राऊटर अडकला असेल, क्लाउडवाल्यांकडे काही बिघडलं असेल, माझ्या कोडमध्ये चूक असेल. यातलं काहीही धरलं तरी लॅपटॉप बंद करून सुरू केल्यावर त्या ओळी का राहिल्या, ते बसत नाही. डॅशबोर्डवर मागच्या दिवसांचा आलेख बघता येतो. त्या संपूर्ण आठवड्यात सकाळची रेघ शून्यावर सपाट आहे, जणू कुणी आलंच नव्हतं. पण निवेताकडे मी पाठवलेला स्क्रीनशॉट अजून आहे, त्यात सगळी कनेक्शन स्पष्ट दिसतात. ती म्हणते, पुन्हा मला दाखवायला सांगू नकोस. डिलीट मात्र तिलाही करवत नाही.

ऑर्डर आता येतात. आत्या सगळीकडे सांगत सुटते की ते तिच्यामुळे. मिक्सीवरचा टॉवेल आईने काढला, मला न सांगता. मी त्या दिवशी काय पाहिलं, हे तिने एकदाही विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

मी आनंदात असायला हवं. पण सकाळी मी टेबलाशी बसते, आत मिक्सी चालू असते, आणि मधेच ती थांबते. घरातून कुणीही निघालेलं नसतं. आई बटणावर हात ठेवून ऐकते. मग पुन्हा चालू करते. तेवढ्या शांततेत मी कमांड चालवून बघते. अजून तरी तिथे काही आलेलं नाही.