बोडी पाहायला दोनदा आलेले साहेब

टेंभुर्णे साहेबांना साठ वर्षं पूर्ण झाली, म्हणून त्यांच्यावर हे पुस्तक निघून राहिलं आहे. मोठमोठी माणसं लिहितील. मला अक्षर येत नाही. मी बोलते, नात लिहिते. चुकलं तर तिचं, बरं निघालं तर माझं.

साहेब मुंबईला मंत्रिमंडळाचे सचिव झाले ते पुढे. पहिल्यांदा दिसले तेव्हा गोंदिया नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, आणि ते नव्या कचेरीसाठी जागा पाहत फिरत होते. वैशाखाचं ऊन होतं. फुलचूरच्या पुढं आमच्या गावात ते उतरले आणि आमची बोडी पाहून कागदावर लिहिलं, ‘पडीक जमीन’. सोबतच्या तलाठ्यानं ते मोठ्यानं वाचलं. बोडी म्हणजे धानाला पाणी देणारं आमचं लहान तळं. उन्हाळ्यात ती आटते, भेगाळते. पण सगळ्या गावाचं धान तिच्यावर. ती गेली असती तर आम्हीही गावातून उठलो असतो.

मी साहेबांना आडवी आले. “काऊन साहेब, झोपल्या मान्साले मेला म्हनता का तुमी?”

तलाठी ओरडला, “ए बुढी, सरक ना!” साहेबांनी त्याला हातानं थांबवलं. “आजी, इथं पाणी असतं हे मी कसं मानू?”

“मानू नोका. पोळ्याले या. अन् चपला हातात घेऊन या.”

साहेब खरंच आले. पाणी पाळीला, म्हणजे बोडीच्या बांधाला, लागलं होतं. आभाळ बोडीत उतरलेलं. म्हशी ढगांतून पोहत होत्या, कमळाच्या पानांवरून पाखरं चालत होती. साहेब पाळीवर बसले ते बसलेच.

“सपन पडून राहिलं का, साहेब?”

“हो आजी. जागं करू नका.”

मग त्यांनी फाईल मागवली, स्वतःचं लिहिलेलं खोडलं आणि नवं लिहून मला वाचून दाखवलं, “इथं पाणी आहे. पाहण्यात चूक झाली, ती माझी.” साक्षीला माझा अंगठा घेतला. कचेरी दुसरीकडे झाली.

पुढे मी नातीसोबत मुंबईला गेले, तेव्हा त्यांना भेटले. मंत्र्यांपुढं जाणाऱ्या जमिनीच्या प्रत्येक कागदावर त्यांनी एक प्रश्न घालायला लावला होता. नातीनं वाचला, ‘जागा कोणत्या महिन्यात पाहिली?’

मी म्हटलं, “साहेब, अजून भेता का मले?”

“भितो आजी. तीच भीती कामाला येते.”

यंदाही आमच्याकडे धानाची रोवणी झाली. गुडघाभर पाण्यात वाकलेल्या बायकांना साहेबांचं नाव ठाऊक नाही. भात मात्र त्या बायकांच्या घरी शिजतो. साहेबांना माझ्याहून जास्त वर्षं मिळोत, गुडघे धड राहोत, आणि त्या भाताची एक मूद दरसाल त्यांच्या ताटात पडो.