पाहुणा काही खाईना

आज सकाळी दिराने नरखेडहून संत्र्यांची पेटी पाठवली. झाकणाचे खिळे उपटून वरचं वाळलं गवत बाजूला सारलं, तसा तो वास घरभर झाला. संत्र्याच्या सालीचा वास सगळ्यांच्याच ओळखीचा. पण पेटीतल्या संत्र्याचा वास निराळा असतो. त्यात गवताने पिऊन ठेवलेलं ऊन असतं, थोडी बागेतली धूळ असते, ओल्या लाकडाचा दरवळ असतो. हल्ली पुठ्ठ्याची खोकी निघाली आहेत, त्यांत फळं नीट राहतात म्हणे, पण त्यांना हा वास नाही. मी गवताची मूठ नाकाशी धरून उभी राहिले आणि गेल्या हिवाळ्यातला तो शनिवार आठवला, आमच्याकडे ससा आला तो. आठवला म्हणण्यापेक्षा, मी स्वयंपाकघरात एकटीच उभी राहून हसत सुटले असं म्हणणं जास्त खरं.

त्याचं असं झालं. आमची एकुलती एक लेक पुण्याला नोकरीला. तिची एक मैत्रीण नागपुरात ससा पाळून होती आणि तिची अचानक दूर कुठे बदली झाली. सशाला घर हवं होतं. आम्हाला न विचारता लेकीने परस्पर आमचं घर देऊन टाकलं आणि मग फोनवर सांगितलं, "आई, उद्या सकाळी तो येऊन राहिला. नाही म्हणू नको." मी चांगली रागावले. म्हटलं, या वयात आता पिंजरे कुठे धुवायचे? पण खरं सांगू, त्या रात्री लग्नघरात असावं तशी मला झोपच लागली नाही. लेक गेल्यापासून घर इतकं आवरलेलं राहू लागलं होतं की त्या आवरलेपणाचाच कंटाळा आला होता. सकाळी फाटकाशी रिक्षा थांबल्याचा आवाज झाला तेव्हा आम्ही दोघंही म्हातारे अनवाणी बाहेर धावलो.

मैत्रीण घाईत होती. पिंजरा ओट्यावर ठेवला, एक कापडी थैली ह्यांच्या हातात दिली, "यात सगळं आहे काका" म्हणाली आणि डोळे पुसत रिक्षात बसली. आम्ही वाकून पाहिलं. आत फिक्या तपकिरी रंगाचा, एक कान उभा आणि एक कान आडवा टाकलेला जीव बसला होता. नाक सारखं हलत होतं. एवढंसं नाक, पण त्याची काय लगबग! मला तर ते बघता बघता दुसरं काही सुचेना. "आला बघ पाहुणा," हे म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात ती ऐट आली जी लग्नकार्यात येते.

आमच्या ह्यांच्याविषयी इथे सांगायलाच हवं. खापरखेड्याच्या वीजकेंद्रात नोकरी करून हे निवृत्त झाले, पण यांचा खरा हुद्दा वाढप्याचा. माणूस जेवायला बसला की यांच्या अंगात काहीतरी संचारतं. पंगतीत बुंदीची बादली घेऊन निघाले की भलेभले लोक ताटावर दोन्ही हात आडवे धरतात, आणि हे बोटांच्या फटीतून बुंदी सोडतात. शपथा घालतात, रुसतात, मेलेल्या नातेवाइकांची आठवण काढून एक पोळी जास्त वाढतात. आमच्याकडे येणारा माणूस परत जाताना हळू चालतो, ही यांची कमाई. असा माणूस आणि त्याच्या दारी आलेला हा एवढासा पाहुणा. मला वाटलं, महिन्याभरात ससा पिंजऱ्यात मावणार नाही.

आधी गाजर. त्याचे लांबट काप करून, धुऊन, पुसून ठेवले. सशाने हुंगलं आणि मान वळवली. मग पालक, मग मेथी, मग फुलकोबीचा पाला. हे तडक बाजारात गेले आणि कोवळी हरभऱ्याची भाजी घेऊन आले; तिच्यावरचं दव अजून वाळलं नव्हतं. ती पाहून माझ्याच तोंडाला पाणी सुटलं, पण पाहुणा ढिम्म. मग सांबार आणला. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, आणि सांबाराला नाही म्हणणारं कोणी नागपुरात जन्मलेलं नाही अशी यांची श्रद्धा. एकेक काडी निवडून यांनी ती त्याच्या नाकाशी धरली. "खा नं गा बाबू. एक काडी. माह्यासाठी." सशाने यांच्याकडे एकदा पाहिलं, सावकाश उठला, अंग वळवलं आणि पाठ करून बसला. हे माझ्याकडे वळून म्हणाले, "पाठ केली वं यानं माह्याकडं!" इतक्या वर्षांत इतक्या पाहुण्यांना यांनी वाढलं, पण असा अपमान कोणी केला नव्हता.

दुपारपर्यंत बातमी गल्लीभर झाली. शेजारच्या वहिनी बिटाची पानं घेऊन आल्या, त्यांच्यामागून त्यांची सून आली, समोरचे निवृत्त मास्तर मोबाइलवर काहीबाही वाचत आले. पिंजऱ्याभोवती गोल करून सगळे बसले. "काहून नाही खाऊन राहिला हा?" "नजर लागली असंन." "याले भिजवलेले चणे द्या नं." "ससा गाजरच खाते, मी पुस्तकात वाचलं आहे," असं मास्तर ठामपणे म्हणाले, जणू सशानेही ते पुस्तक वाचायला हवं होतं. सगळ्यांच्या हातात काही ना काही हिरवं होतं आणि सगळे हात पिंजऱ्यात होते. मी बशा भरून सगळ्यांना चहा-पोहे दिले. म्हणजे त्या दिवशी सशाच्या निमित्ताने आख्खी गल्ली जेवली, उपाशी एकटा ससा.

रविवारी सकाळी मात्र आमची मस्करी संपली. वाटीतलं पाणी थोडं कमी झालेलं, बाकी सगळं जसंच्या तसं. हा आता कोपऱ्यात अंग आवळून बसला होता आणि नाकाची ती लगबग मंदावली होती. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, सशाचं पोट रिकामं राहून चालत नाही, ते एकदा थांबलं की जिवावर बेततं. दुपारपर्यंत खाल्लं नाही तर लगेच घेऊन या. फोन ठेवला आणि आम्ही एकमेकांकडे पाहिलं. लेकीने विश्वासाने पाठवलेला जीव, चोवीस तास आमच्या घरात, आणि आम्हाला त्याला एक घास भरवता येऊ नये? हे तर आदल्या रात्रीपासून धड जेवलेच नव्हते. पाहुणा उपाशी असताना घरधन्याने कसं जेवायचं, हा यांचा नेहमीचा हट्ट.

शेवटी मीच लेकीला फोन लावला आणि सगळं सांगितलं. गाजर, पालक, हरभरा, बीट, मास्तर. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि गवत?"

"कोणतं गवत?"

"थैलीत होतं नं आई! वाळलं गवत. तो तेच खाते. बाकीचं सगळं नंतरचं."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. संत्र्याच्या बागेत वाढलेला माणूस. वाळलं गवत म्हटलं की यांच्या डोळ्यांपुढे एकच गोष्ट उभी राहते, पेटी. शनिवारी थैली उघडली तेव्हा यांना वाटलं, थैलीतली सशाची वाटी-फणी फुटू नये म्हणून घातलेलं हे पॅकिंग. वर कौतुकही केलं होतं, "शहरातले लोक पॅकिंगले बी किती मऊ माल वापरतात वं!" आणि नेमकं तेव्हाच लेकीला पाठवायची संत्र्यांची पेटी भरणं चाललं होतं, गवत थोडं कमी पडत होतं. पाहुण्याचं सगळं जेवण यांनी संत्र्यांखाली अंथरून वरून खिळे ठोकले होते. पेटी दारापाशी तयार होती, संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला निघायची होती.

मी हे फोनवर सांगितलं तेव्हा लेक इतकी हसली, इतकी हसली की तिला ठसका लागला. किती दिवसांनी तिचं ते हसू ऐकलं! मग म्हणाली, "फोडा माझी पेटी." आणि हळू आवाजात, "आणि बाबा, फोन स्पीकरवर असंन तर ऐका. गवत ठेवा आणि बाजूले व्हा. त्याच्याकडं बघत नका बसू. कोणी सारखं तोंडाकडं बघत असलं नं बाबा, की घास नाही उतरत."

ह्यांनी पक्कड आणली आणि खिळे उपटायला बसले. पण मी आई आहे. ते शेवटचं वाक्य नुसतं सशाबद्दलचं नव्हतं हे मला कळलं, आणि पक्कड धरलेला ह्यांचा हात क्षणभर थांबला, म्हणजे यांनाही कळलं होतं.

गवत निघालं. संत्र्यांच्या सहवासात त्याला वास लागला होता. यांनी ते झटकलं, काडी-काडी मोकळी केली आणि पिंजऱ्याचं दार उघडं ठेवून समोर एक छोटा ढीग लावला. लावताना पुटपुटले, "पाहुण्याले वाळलं गवत वाढून राहिलो. काय दिवस आले." आणि मग त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. वाढून झाल्यावर वळले आणि पाहुण्याकडे पाठ करून फरशीवर बसले. मी दाराआड उभी. माझ्याकडे तोंड करून बसलेले हे, थोडे वाकलेले, आणि ह्यांच्या रुंद पाठीमागे पिंजऱ्याचं उघडं दार. हे माझ्याकडे बघून नुसत्या ओठांनी विचारत होते, "खाऊन राहिला का वं?" मी मान हलवून नाही म्हणायची. घड्याळाचा आवाज ऐकू येत होता. ह्यांची मान दोनदा अर्धी वळली, दोनदा मी डोळे वटारले. एवढी कसरत करताना मी यांना कधी पाहिलं नाही. मागे उपाशी जीव बसला आहे आणि वळायचं नाही!

आधी आला तो आडवा कान. मग नाक. ते गवतापाशी येऊन थबकलं आणि कालची सगळी लगबग त्याच्यात परतली. एक काडी हलली. मग कुर्र, कुर्र, कुर्र. बारीक, कोरडा, नेटका आवाज. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, नाहीतर ओरडलेच असते. ह्यांनीही तो आवाज ऐकला होता. पाठ ताठ झाली, डोळे मिटले गेले आणि या माणसाच्या मिशीखाली असं हसू पसरलं, जे मी फक्त लेक झाली त्या दिवशी पाहिलं होतं. "आवाज येऊन राहिला वं," हे कुजबुजले, "चांगला आवाज येऊन राहिला." ढीग संपेपर्यंत हे वळले नाहीत. मग आम्ही दोघं स्वयंपाकघरात जाऊन, दार लोटून, शाळकरी पोरांसारखे हात वर करून नाचलो. खरंच नाचलो. मग मी तव्यावर पोळी टाकली आणि हे पोटभर जेवले.

पण मला सांगायचं आहे ते त्या संध्याकाळचं. लेकीचा फोन आला की ह्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "जेवली का?" आणि दुसरा, "काय जेवली?" ती पुण्याला गेल्यापासून एक दिवस हे दोन प्रश्न चुकले नव्हते. सुरुवातीला ती सगळं सांगायची. मग नुसतं "हो बाबा". मग "हो, आईला दे". तिचं उत्तर आखडत गेलं तसा यांचा आग्रह वाढत गेला. त्या संध्याकाळी फोन आला, ह्यांनी स्पीकरवर घेतला, आणि मी नेहमीच्या प्रश्नाची वाट पाहत थांबले. यांनी तोंड उघडलं. माझ्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे वळून म्हणाले, "इकडं थंडी लई पडली वं बेटा." आणि जेवणाचं नावही काढलं नाही.

 मग लेकीचा आवाज आला, "बाबा, तुम्हाला सांगू, आज मी खिचडी केली होती. करपली. तरी खाल्ली." आणि मग ती बोलतच राहिली. डबा लावला होता तो आवडला नाही म्हणून बंद केला, ते घरी सांगितलं नव्हतं. सकाळी घाईत राहून जातं. इथल्या भाजीला तिखटच नसतं. परवा रडू आलं होतं. हे नुसते "हं" म्हणत खिडकीबाहेर बघत उभे होते.

त्याला आता वर्ष झालं. लेकरं मोठी होतात, घराबाहेर पडतात, आणि आपण मात्र हातातलं वाढपाचं भांडं घेऊन जिथल्या तिथे उभे राहतो. ते खाली ठेवायचं कसं हे कोणी शिकवत नाही, आणि ठेवलं म्हणजे माया आटली असं वाटून जीव घाबरतो. माया कुठे जात नाही. ती पाठमोरी बसून कान देऊ लागते, एवढंच. त्या दिवशी फोन बराच वेळ चालला. ठेवल्यावर ह्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला म्हणाले, "पोटभर बोलली वं आज."