धुतलेल्या बाटलीतलं पाणी

तेलाच्या बाटलीला आधी पाणी लावायचं नाही, हा दमयंतीचा पहिला नियम. बाटली उलटी करून निथळू द्यायची. मग आत चाळलेली राख आणि खडेमीठ घालायचं, तोंडावर तळहात दाबायचा आणि हलवत राहायचं. काच चिकट असते तोवर मीठ आत गप्प गप्प फिरतं, मोकळी झाली की खणखणू लागतं. तो खणखणाट ऐकल्यावरच ती गरम पाण्याला हात घालते.

पनवेलच्या जुन्या बाजारात देवेशचा लाकडी घाणा आहे. शेंगदाण्याचं, तिळाचं, खोबऱ्याचं तेल तो काचेच्या बाटल्यांतून देतो आणि रिकाम्या बाटल्या परत घेतो. त्या गोण्यांनी येतात. सॉसच्या, सरबताच्या, कुणाच्या माळ्यावर वीस वर्षं पडलेल्या, एखादी तर तळाशी वाळलेल्या पालीसकट. सहा वर्षं झाली, त्या सगळ्या दमयंती धुते. तिचं गाव विमानतळात गेलं, भाताची खाचरं गेली. कोणती राख चरचरीत आणि कोणती मऊ, ही जाण मात्र तिच्याबरोबर आली.

तिची आणखी एक रीत होती. रोज सकाळी फळीवरच्या धुतलेल्या बाटल्यांतली एक न बघता उचलायची, पाण्याने भरून उन्हात ठेवायची आणि जेवताना तेच पाणी प्यायचं. बाटलीत थेंबभर तेल राहिलं असलं, तरी तापलेल्या पाण्याला वास लागतो. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. देवेशला वाटायचं, बाईला कोमट पाणी आवडतं.

होळीनंतरच्या आठवड्यात उलव्याच्या चारुताने आपल्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की घाण्याच्या तेलाला कुबट वास येतो, जुन्या बाटल्या नीट धुतच नसतील. अर्धी संपलेली बाटली तिने घाण्यावर परत पाठवली. तीन दिवसांत अठरा घरांनी तेल बंद केलं. देवेशने प्लास्टिकच्या बाटल्यांचे नमुने मागवून टेबलावर मांडले. दमयंतीला तो एका शब्दाने बोलला नाही, आणि तेच तिला लागलं. काम काय, दुसरीकडेही मिळालं असतं. पण तिच्या हातची बाटली घाण निघाली, हे बोलणं तिच्या मागे राहिलं असतं.

तिने ती बाटली मागून घेतली. बूच काढून हुंगलं, तेल बोटावर चोळलं, पुन्हा हुंगलं.

"शेठ, यात हिंग हाय," ती म्हणाली. "तुमी घाण्यात हिंग कधीपासून घालाय लागले?"

देवेशनेही वास घेतला. तळणीचं उरलेलं तेल कुणीतरी बाटलीत परत ओतलं होतं. ग्रुपवर टाकायला त्याने तिथल्या तिथे मोबाइल काढला. दमयंतीने त्याला थांबवलं.

"त्यांच्या घरचं तळण चारचौघांत कशाला? त्यांना हितं बोलवा."

शनिवारी चारुता आली ती तयारीनेच, भांडायच्या. दमयंतीने हिंगाचं नाव काढलं नाही. फळीवर साठेक बाटल्या होत्या, त्यांतली कोणतीही उचला म्हणाली. चारुताने मुद्दाम मागच्या रांगेतली काढली. दमयंतीने ती पाण्याने भरून उन्हात ठेवली आणि तिला बसायला स्टूल दिलं. तासभर ती स्वतः बाटल्या धूत राहिली आणि चारुता बघत राहिली. राख, मीठ, मग तो खणखणाट.

तासाने दमयंतीने बाटली उचलली, वरूनच निम्मं पाणी प्यायली आणि उरलेलं तिच्यापुढे धरलं.

"मी रोज पिते. आज तुमी प्या."

चारुता क्षणभर थांबली, मग प्यायली. पाण्याला पाण्याचीच चव होती. मग आमच्या बाटलीला वास कसला, असं तिने हळूच विचारलं, तेव्हा कुठे दमयंतीने ती बाटली तिच्या नाकाशी नेली.

"सासूबाई," चारुता पुटपुटली. "होळीला पापड तळले होते."

"टाकवत नसंल त्यांना," दमयंती म्हणाली. "मलाबी नाय टाकवत."

स्टुलावर बसूनच चारुताने ग्रुपवर लिहिलं की चूक आमच्या घरची होती, आणि घाण्यावर धुतलेल्या बाटलीतलं पाणी मी आत्ताच प्यायले आहे. महिनाभरात अठरापैकी सोळा घरं परत आली. प्लास्टिकचे नमुने देवेशने परत पाठवून दिले. आता दुपारी घाण्याच्या पायरीवर उन्हात दोन बाटल्या असतात. दुसरी देवेशची.

हिंगाची बाटली दमयंतीने धुतली आणि त्याच फळीवर ठेवली. आता त्या बाटल्यांतली कोणती ती, हे कुणालाच ओळखता येणार नाही. दमयंतीलाही नाही, आणि हे सांगताना तिची मान ताठ असते.